सत्तरीचा गारठा आणि त्याची तजवीज

गोव्यात थंडी कसली, असं पणजीतला माणूस सहज विचारतो. त्याच्यापुरतं ते खरंही आहे. भर जानेवारीत समुद्र कोमटच असतो आणि किनाऱ्यावर पहाटेचा पारा 20 अंशांच्या आसपास थांबतो. आतल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे म्हादई नदीच्या खोऱ्यात, चित्र वेगळं. निरभ्र रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली सरकून खोऱ्यात साचते आणि डोंगराआडून ऊन यायला उशीर होतो. हिमाचलच्या मानाने हा गारठा काहीच नाही. पण इथली जुनी घरं पाऊस आणि उकाडा यांचा विचार करून बांधलेली, हवा खेळती ठेवणारी. कारवीच्या कुडातून शिरणारा पहाटेचा वारा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना सोसत नाही.

त्यावरची तजवीज पिढ्यान् पिढ्या रानातून, शेतातून आणि घाटावरून येत गेली. घोंगडीचंच घ्या. गोव्याच्या पावसात मेंढरं टिकत नाहीत. इथले गवळी-धनगर म्हशी आणि गाई पाळतात. त्यामुळे लोकर दख्खनच्या पठारावरची. रामघाटासारख्या वाटांनी मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची आणि घाटावरचा माल खाली यायचा. पुढे 1888 साली मुरगाव ते घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक अशी रेल्वे झाली. 1955 साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा सीमेवरची रेल्वे थांबली, घाटावरचा व्यवहार आखडला. सत्तरीसाठी हा व्यवहार म्हणजे पांघरुणाचाही प्रश्न होता, कारण तीच घोंगडी आषाढात खोळ करून डोक्यावर असायची आणि पौषात अंगावर. ज्यांना ती परवडत नसे त्यांची भिस्त जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर.

बाकी सगळं आगीवर. न्हाणीतलं तांब्याचं भाण पहाटेच तापायचं, खाली सरपण म्हणून चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, आणि सोडणं, म्हणजे नारळाची सालं. नाचणीचं तिजान, गरम पेज, कुळथाची पिठी हे थंडीचं खाणं. भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. आणि दारापुढे शेकोटी, जिच्याभोवती शेजारीपाजारीही येऊन बसत. सगळ्यात थंड रात्री इथे कुणी घरात कोंडून घेतल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पौषात बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, धालो नाचतात, तेही अनेक रात्री. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, रात्र सरेपर्यंत दशावतारी कालो चालतो आणि माणसं पांघरुणं घेऊन समोर बसतात.

मुक्तीनंतर, 1961 पासून, ही घडी हळूहळू विस्कटली. रस्ते, वीज, दवाखाने आले. त्यांची गरज होतीच. डोंगरउतारावरची कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, बंद होत गेली आणि तिच्याबरोबर नाचणीही मागे पडली. उतारांवर काजू वाढला. 1999 साली म्हादई अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 208 चौरस किलोमीटरचं. ते रान राखायलाच हवं, यात मला शंका नाही. पण कुणाची चूल कुठल्या सरपणावर पेटते, याचा विचार तेव्हा व्हायला हवा होता.

मग 2015 साली सत्तरीत माकडताप आला. या तापाचा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात प्रथम सापडला होता. गोचिडीच्या चाव्यातून हा ताप माणसाला होतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा. म्हणजे ज्या महिन्यांत पालापाचोळा, सरपण आणि पुढे काजू गोळा करायला माणसं रानात शिरतात, नेमके तेच महिने. पहाटेच्या शेकोटीसाठी लाकूड आणणं अशा रीतीने जिवावरचं काम झालं.

ज्यांच्याकडे गॅस आणि गिझर आहे, त्यांना आता थंडी बोचत नाही. रानातल्या धनगरवाड्यांवर मात्र अजून भिस्त लाकडावरच. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. गवळी-धनगर त्यातून वगळले गेले आणि पुढली कित्येक वर्षं त्यांना त्यासाठी झगडावं लागलं. आदिवासींसाठीच्या सवलती या दर्ज्याला जोडलेल्या असतात. सत्तरीतल्या थंडीबद्दल बोलायचं तर सुरुवात याच वाड्यांवरच्या घरांपासून करावी लागेल: भिंती मातीच्या की चिऱ्याच्या, वीज आली का, आणि सिलिंडर संपला तर दुसरा तिथवर पोचतो का.