बेंदिरच्या पाठीमागची तात

माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात २०२५ मध्ये तारेक अतुई या ध्वनिकलावंताचं प्रदर्शन भरलं होतं. त्याला आधार होता उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग लोकांच्या संगीताचा आणि हस्तकलेचा. असा विषय निघाला की ‘प्राचीन वाळवंटी कंपनं’, ‘५२८ हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो’ असले फॉरवर्ड हमखास येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद ठरवला माणसाने. सेकंद थोडा लांब धरला असता तर हाच जादूचा आकडा ५४० झाला असता!

नवल करायचंच तर याच अमाझिग लोकांच्या बेंदिरचं करावं. हे डफाच्या कुळातलं वाद्य: लाकडी कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, धरताना अंगठा घालायला कड्याला भोक. ॲटलास पर्वतातल्या गावांत अहवाश, म्हणजे सामूहिक नाचगाणं, रंगतं ते यावर. कातडं दमट होऊन उतरलं की जाळावर शेकायचं, आपले हलगीवाले शेकतात तसं. पण हलगीत नसलेली एक गोष्ट यात असते. कातड्याच्या आतल्या बाजूला, त्याला टेकून, आतड्याची तात ताणलेली असते. हळू थाप मारली तर नुसता घुमारा येतो. जोरात मारली की त्यावर झणझण चढते.

जोर वाढवल्यावर आवाज फक्त मोठा व्हायला हवा, त्याची जात कशी बदलते?

समजा, कातडं सेकंदाला १०० वेळा हलतंय आणि प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१ मिलिमीटर जातंय. सरल आवर्त गतीत कमाल त्वरण म्हणजे आयाम (मधल्या जागेपासून एका बाजूला जाण्याचं अंतर, इथे ०.१ मिलिमीटर) गुणिले ‘२π × वारंवारता’चा वर्ग. गणित केलं तर सुमारे ४० मीटर प्रति सेकंद वर्ग येतात, गुरुत्वत्वरणाच्या चौपट! तात कातड्याला टेकून राहते ती स्वतःच्या ताणाच्या जोरावर. तो ताण एवढं त्वरण पुरवू शकला नाही, की मागे फिरणारं कातडं निसटतं आणि तात अधांतरी राहते. ती परतते तोवर कातडंही उलटून समोरून येत असतं. टक्कर! ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपते, आणि धक्का जितका आखूड तितक्या वरच्या वारंवारता त्यात जास्त. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झला सर्वात तिखट, १०० हर्ट्झला बराच मंद. त्यामुळे उघड्या मैदानात घुमारा विरला तरी झणझण ऐकू येते.

सगळं कसब तातीच्या ताणात आहे. फार ताणली तर ती कातड्याला चिकटून गप्प बसते, ढिली सोडली तर उगाच खडखडते.

आपल्याकडे हेच नाजूक काम मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, करतात. तिथेही तार घोडीच्या किंचित वक्र माथ्याला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा (मूळ स्वरात मिसळलेल्या वरच्या स्वराचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, तो स्वरांश उमटूच नये असा नियम आहे. तंबोऱ्यात मात्र तो खणखणीत ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं.

ध्वनिकलेत थाप मारायला हातच हवा असं नाही. कातड्याला छोटा कंपक चिकटवून १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर सोडायचा आणि आयाम सावकाश वाढवत न्यायचा. आधी घुमारा, मग अचानक झणझण. आणखी वाढवलं की कधी कधी तात इतकी लांब उडते की एक आवर्तन चुकवून दुसऱ्यालाच कातड्यावर आपटते. टकरा मग सेकंदाला ५० होतात, आणि यंत्रावर १०० चा आकडा दिसत असताना कानाला त्याच्या निम्म्या वारंवारतेची घरघर ऐकू येते.