इंजिनिअरचं समाधान: पदवी आणि काम यांच्यातल्या अंतराची पार्श्वभूमी

पगार चांगला आहे, घर झालंय, तरी कामात जीव रमत नाही, असं तिशीतले अनेक इंजिनिअर सांगतात. ‘हल्लीच्या पोरांना कशातच समाधान नाही’ म्हणून ते उडवून लावणं अन्यायाचं आहे. या अस्वस्थतेला महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा भेटतो: निर्णय कोणाचा, आणि काम पुरं झालेलं डोळ्यांनी बघायला मिळतं का?

आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं तेच मुळी हाताखालची माणसं तयार करायला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. रस्ते, पूल, कालवे यांची कामं वाढत होती. पुढच्याच वर्षी पुण्यात इंजिनिअरिंग क्लास निघाला, कारण बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते. आराखडा साहेबाचा आणि देखरेख एतद्देशीयाची, अशी ती वाटणी. आजचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, याच वर्गातून वाढलं.

याच संस्थेतून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे अशा ठिकाणी त्यांनी काम केलं. खडकवासल्याच्या धरणात पाणी जास्त साठवायचं होतं, पण भिंतीची उंची न वाढवता. त्यांनी सांडव्यावर बसवायचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०३ साली ते बसवले गेले. अडचण ओळखण्यापासून दरवाजा पाण्यात उतरेपर्यंत सगळा प्रवास एका माणसाच्या नजरेखालून झाला होता, आणि इंजिनिअरच्या वाट्याला येऊ शकणारं समाधान मला तिथे अगदी स्पष्ट दिसतं. पण खात्यातली सर्वोच्च जागा तेव्हा इंग्रजांच्याच वाट्याला जाई. १९०८ साली विश्वेश्वरय्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट याच वळणाची. चित्रकला शिकायला मुंबईत आलेला हा माणूस रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागला. बढती डावलली गेली तशी त्यांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा गेल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, हे आजच्या पालकांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर काही काळ पदवी आणि काम जवळ आले. कोयनेची वीज, पुण्यातली टेल्को (आजची टाटा मोटर्स), पिंपरी-चिंचवडचे कारखाने. जागा कमी होत्या आणि शिकलेल्या विषयाचंच काम बहुधा मिळे.

मोठा बदल १९८३ साली झाला. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी अनेक मुलं पैसे भरून कर्नाटकात शिकायला जात. नव्या महाविद्यालयांमुळे साखरपट्ट्यातल्या, तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींना दार उघडलं, आणि ते श्रेय दिलंच पाहिजे. पण देणग्यांचा बाजारही सुरू झाला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. जागा वाढल्या त्या वेगाने प्रयोगशाळा आणि अनुभवी शिक्षक मात्र वाढले नाहीत. कुठली ब्रँच घ्यायची हे आवडीपेक्षा मार्क आणि फी यांवर ठरू लागलं.

नव्वदच्या दशकात दोन वाटा एकाच वेळी चालू होत्या. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे डोंगर फोडत होती. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवर साठ मीटरहून उंच पूल उभा राहिला आणि जानेवारी १९९८ मध्ये सगळा मार्ग खुला झाला. तिथल्या तरुण इंजिनिअरांना आपला बोगदा, आपला पूल बोटाने दाखवता येतो. दुसरीकडे सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पसवर येऊन सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा सगळ्याच ब्रँचची मुलं घाऊक उचलू लागल्या. पहिले काही महिने कोडिंगचं प्रशिक्षण, मग प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही, मग परदेशातल्या ग्राहकाच्या जुन्या प्रणालीची देखभाल. या नोकऱ्यांनी हजारो घरं कर्जातून बाहेर काढली, ही लहान गोष्ट नाही. पण चार वर्षांचं थर्मोडायनॅमिक्स पहिल्याच दिवशी बाजूला पडलं. काय बांधायचं हे ग्राहकाने आधीच ठरवलेलं, आणि ते वापरणारा माणूस समुद्रापलीकडे. कामाची वाटणी पुन्हा १८५४ सारखीच झाली होती, फक्त पगार कितीतरी चांगला होता.

हल्ली पुण्या-मुंबईतल्या काही कंपन्या स्वतःची उत्पादनं इथेच आखतात, तर परदेशी कंपन्यांच्या इथल्या केंद्रांत संशोधन-विकासाची कामंही होतात. नोकरी बदलताना अनुभवी मंडळी आता पॅकेजच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारू लागली आहेत: डिझाइनचा निर्णय इथली टीम घेते, की तो तिकडून ठरून येतो?