तबला गेला, लेहरा राहिला: मुंबईच्या एका डिस्को एलपीची पार्श्वभूमी

१९८२ साली एचएमव्हीने मुंबईतल्या एका वादकाची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, बाजारात आणली. नाव लांबलचक होतं: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, आणि साथीला तबला नाही. ती फारशी खपली नाही आणि पुढे अडगळीत गेली. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा मात्र हाउस या क्लबांतल्या यांत्रिक नाच-संगीताच्या जगात खळबळ उडाली. शिकागोच्या पोरांनी १९८७ साली ज्या आवाजाची पहिली रेकॉर्ड काढली आणि ज्याला ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नाव पडलं, तो आवाज या एलपीवर पाच वर्षं आधीच वाजत होता.

‘अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मलं’ असं तेव्हापासून हौसेने लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्याने शिकागोवर अन्याय होतो आणि चरणजित सिंगांवरही होतो, कारण त्यांनी केलेली गोष्ट वेगळी होती.

आधी शिकागो. १२ जुलै १९७९ रोजी तिथल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवून दिला गेला. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाची ती मोहीम. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी मैदानात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, घ्यायचा म्हणून तो पैसे साठवत होता. पुढे त्याने सांगितलं की लोकांनी आणलेल्या अनेक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्याच कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या. हाच लॉरेन्स १९८४ साली जेसी साँडर्सच्या ‘ऑन अँड ऑन’ या रेकॉर्डच्या निर्मितीत होता. हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून सहसा तिचंच नाव घेतात.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं, म्हणून लोकांचं नाचणं थांबलं नाही. १९७७ पासून वेअरहाउस या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावत होता. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही बरेचसे समलिंगी तरुण. बाहेर जिथे त्यांना कुणी उभं करत नव्हतं, तिथे हे छप्पर त्यांचं होतं. ‘हाउस’ हे नाव याच क्लबच्या नावाचं शेपूट, असं बहुतेक जण मानतात. व्हायोलिनांचा ताफा बसवायला आता पैसा नव्हता, मग त्याची जागा जुन्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रांनी घेतली.

त्या यंत्रांतलं एक म्हणजे रोलँड कंपनीची टीबी-३०३. लहानशी चंदेरी पेटी. जपानी अभियंता तादाओ किकुमोतो यांनी ती बनवली ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खर्जातल्या सुरांची, साथ मिळावी म्हणून. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येतच नव्हता, आणि तिच्यात ओळ भरणं हे महाकिचकट काम होतं: आधी सगळे सूर एकामागून एक भरायचे, मग त्यांची लय वेगळी भरायची. थोडी चूक झाली की भलतीच ओळ वाजायची. सुमारे दहा हजार पेट्या निघाल्या आणि १९८४ साली उत्पादन बंद झालं. फ्यूचर या शिकागोच्या त्रिकुटाला ती स्वस्तात हाती लागली. ओळ फिरत असतानाच त्यांच्यातल्या डीजे पिअरने नॉब पिळायला सुरुवात केली आणि आवाज चिरकू लागला, पाझरू लागला. त्याचीच कॅसेट गेली म्युझिक बॉक्स क्लबचा डीजे रॉन हार्डी याच्याकडे. पिअर सांगतो की पहिल्यांदा वाजली तेव्हा लोक बाजूला झाले. हार्डीने त्याच रात्री ती आणखी तीनदा लावली आणि चौथ्या वेळी क्लब वेडा झाला. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही १९८७ची पहिली रेकॉर्ड ती हीच.

मुंबईत सगळं उलटं होतं. इथे डिस्को मरायचं सोडाच, ऐन भरात होता. १९८० सालच्या ‘कुर्बानी’पासून प्रत्येक निर्मात्याला तो ठेका हवा होता. चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टीतले जुने, मुरलेले वादक. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड (विजेवरचं अ‍ॅकॉर्डियन), जे समोर येईल ते वाजवायचे. ‘दम मारो दम’मधलं ट्रान्झिकॉर्ड त्यांचंच. नव्या यंत्रांची हौस दांडगी. त्यांनी सिंगापूरहून टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणला. तिन्ही तेव्हा अगदी ताजी होती. सगळीकडे डिस्कोच चाललाय, तर तबला बंद करून त्याच ठेक्यावर राग का वाजवू नयेत, इतका साधा त्यांचा विचार होता. क्लब नव्हता, नाचणारी गर्दी नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या चाली वाजवणाऱ्या माणसाने या वेळी स्वतःसाठी वाजवलं.

आता ऐकताना काय होतं ते सांगतो. आठशे-आठचा ढोल मात्रेमात्रेवर पडत राहतो. त्याच्यावर ३०३ रागाचे सूर सरसर वर-खाली खेळवते, आणि सगळ्यांत वर ज्युपिटरवर सिंग हाताने आलाप, ताना घेतात. तबल्याचं एकलवादन ऐकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच लेहरा, म्हणजे सुरांची ठरलेली ओळ, न थकता फिरत राहतो आणि तबलजी त्याच्या आधाराने रंग भरतो. इथे तबला गेला, लेहरा राहिला, आणि तोच पुढे आला.

हे इतकं चपखल का बसतं, याचंही कारण आहे. पाश्चात्त्य गाण्याला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, बदलत राहावे लागतात, एकाच जागी फिरणारी ओळ तिथे लवकर कंटाळवाणी होते. रागाला ते बंधनच नाही. षड्ज हलत नाही, आणि मालकंसात पाचच सूर: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. पाच सुरांची फिरती ओळ या पेटीला अगदी सोयीची. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोयही तिच्यात आहे. तिला मींड म्हणवत नाही, ती फार आखूड आहे. खरी मींड ज्युपिटरवर, हाताने येते. ‘ललत’ ऐका. दोन्ही मध्यम शेजारी आले की यंत्र काही क्षण खरोखर व्याकूळ वाटतं.

शिकागोच्या पोरांनी ही एलपी ऐकली होती याला काडीचाही पुरावा नाही. एकाच पेटीने दोन शहरांत दोन वेगळी दारं उघडली. एक रात्रीच्या नाचाचं, दुसरं घरी बसून ऐकायचं.

हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा, कारण हाउसमध्ये अल्बम उशिरा आला. डीजेला लागते बारा इंची सिंगल: एका बाजूला एकच गाणं, खाचा रुंद, म्हणून आवाज मोठा आणि बेस दणदणीत. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं कोंबली की खाचा अरुंद होतात आणि बेस आकसतो. त्यामुळे पहिली काही वर्षं सगळा कारभार सिंगल्सवरच चालला. शिकागोच्याच लॅरी हर्डच्या फिंगर्स इंक. या गटाचा ‘अनदर साइड’ १९८८ चा. हाउस घरी, दिवे मंद करून ऐकता येतं हे त्याने दाखवलं, आणि माझ्या मते त्या सगळ्या पिढीतला तोच सर्वांत हळवा अल्बम. पुढे लेफ्टफील्ड या इंग्लिश जोडीचा ‘लेफ्टिझम’ १९९५ मध्ये आला. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने १९९७ चा ‘होमवर्क’ बेडरूममध्ये केला आणि त्यातल्या ‘टीचर्स’मध्ये शिकागोच्या गुरूंची नावं एकेक करून घेतली. चरणजित सिंगांची एलपी मात्र पहिल्या दिवसापासून अल्बमच होती. दहा रागांची माळ म्हणूनच ती रचली होती.

ती पुन्हा वर आली ती एदो बाउमन या डच संग्राहकामुळे. २००२ साली दिल्लीत एका दुकानात त्याला ती सापडली. पुढे त्याने मुंबईत सिंगांना गाठलं आणि आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या रेकॉर्ड कंपनीतर्फे ती नव्याने काढली. इतकं जुनं असं काही असूच शकत नाही, ही कुणा आजच्या माणसाची थट्टा असणार, अशीही कुजबुज झाली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपात जाऊन तेच राग नाचणाऱ्या तरुणांपुढे वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.