लग्नाचा दाखला की राजपत्र?

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की नाव बदललं, असा समज सर्रास दिसतो. त्या कागदावर एवढंच असतं की अमुक तारखेला अमुक ठिकाणी या दोघांचं लग्न झालं. वधूचं नाव त्यावर सहसा माहेरचंच असतं. राजपत्राचं, म्हणजे लोकांच्या तोंडच्या गॅझेटचं, नेमकं उलट आहे. जुनं नाव हे, नवं नाव हे, बास. लग्न झालंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दाखला महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते. १९९८च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नोंदणी लग्नापासून ९० दिवसांत करायची, पुढे विलंब शुल्क लागतं. नमुना 'ड'चा अर्ज, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही एवढं जमवावं लागतं. गाडी अडते ती या सहीपाशी. मंगल कार्यालयाने ठरवून दिलेले भटजी कोण होते, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. अर्ज आधीच आणून मांडवातच सही घेतलेली बरी. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न झालं असेल तर ही भानगड नाही, प्रमाणपत्र तेच देतात.

राजपत्राचं काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे. अर्ज ऑनलाइन होतो आणि सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. दिल्लीहून निघणारं भारताचं राजपत्र वेगळं. एजंट तेही गळ्यात मारायला बघतात, पण महाराष्ट्रात राहणाऱ्याचं रोजचं काम राज्याच्या राजपत्रावर भागतं.

मग कुणाला काय लागतं? ते ठरतं आपल्याकडच्या तीनपदरी नावावरून. वैशाली दत्तात्रय जाधवची वैशाली संदीप मोरे झाली, तर मधलं नाव आणि आडनाव बदललं. आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे दाखला पुरतो. पासपोर्टला तर दाखल्याऐवजी पती-पत्नीचं संयुक्त घोषणापत्रही चालतं. पण तांदळाच्या ताटात अंगठीने 'सायली' लिहिलं आणि सायली संदीप मोरे म्हणूनच कागद हवे असतील, तर दाखला तोकडा पडतो. त्यावर सायली कुठेच नसते. पहिलं नाव बदलायला आधारवाले राजपत्र मागतात. नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं तरी चालत नाही.

राजपत्राचा अर्ज भरताना जुनं नाव मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच लिहायचं. दत्तात्रय की दत्तात्रेय, इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ए' आहे की नाही, हे गुणपत्रिका समोर ठेवून बघावं. छापून आलेलं नाव गुणपत्रिकेशी जुळलं नाही, तर ज्या दोन नावांना जोडायला राजपत्र काढलं तेच काम ते करत नाही. गुणपत्रिका आणि पदवी लग्नामुळे बदलत नाहीत, त्या माहेरच्या नावावरच राहतात. नोकरीच्या वेळी त्यांच्यासोबत दाखला किंवा राजपत्र जोडायचं.

कागद आल्यावर आधी आधार, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण नाव ठरवून जावं. आडनाव आज, पहिलं नाव पुढच्या वर्षी असं केलं की दोन्ही संधी संपल्या. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नाव बदलतं. ते आधारशी जुळलं नाही तर जोडणी फसते. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरचं नाव तर बहुतेक जणी विसरतातच, आणि ते आठवतं पैसे काढताना अर्ज परत आल्यावर. परदेशी जायचं तिकीट काढलेलं असेल तर पासपोर्टला परत येईपर्यंत हात लावू नये, कारण तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच लागतं.

आणि हो, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरचंच नाव ठेवणारीला राजपत्र लागत नाही. दाखला मात्र तिनेही काढावा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायला तो कामी येतो, आणि नवऱ्यामागे परदेशी जायच्या व्हिसाला तोच लागतो.