खोळंबलेला कॉम्प्युटर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाले आणि घरोघरी एक जुनं वाक्य नव्या जोरानं ऐकू यायला लागलं : "आता हा डबा काढूनच टाका, म्हातारा झालाय." रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत असा आठ-दहा वर्षांचा डबा कोपऱ्यातल्या टेबलावर असतोच. बटण दाबून खाली उतरावं, पोहे-जिलबी बांधून आणावी, खाऊन व्हावी, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे.

डबा हळू चालतो ही तक्रार खरी आहे, पण "म्हातारा झाला" हे निदान चुकीचं आहे. प्रोसेसरनं सेकंदाला किती ठोके टाकायचे हे मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या) क्वार्ट्झच्या स्फटिकावरून ठरतं. दहा वर्षांत त्या स्फटिकात पडणारा फरक दहा लाखांत काही भाग, एवढाच असतो. २०१६ साली ३.२ गिगाहर्ट्झनं चालणारा प्रोसेसर आजही तितकाच चालतो. तो थकलेला नाही, त्याला हवी ती माहिती वेळेवर पोचत नाही म्हणून तो खोळंबलाय.

याची खात्री घरी दोन मिनिटांत करता येते. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र असतं : प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. डिस्कच्या आलेखाखाली वाचण्या-लिहिण्याचा वेग दिलेला असतो. तो सेकंदाला एक-दोन मेगाबाइट इतकाच दिसतो. जी डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज वाचू शकते, ती एकावरच शंभर टक्के दमते कशी? सगळी गंमत इथंच आहे.

हार्ड डिस्कच्या पेटीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेत असतात. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीचा काठ ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगानं धावतो. त्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर वर, हवेच्या पातळ थरावर तरंगत, वाचणारं टोक असतं. माहिती गोल वर्तुळाकार रेघांमध्ये लिहिलेली असते. एखादा तुकडा वाचायचा तर आधी दांडा हलवून टोक योग्य रेघेवर न्यायचं. याला सरासरी ९ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो भाग फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणून आणखी ४.२. एकूण १३ मिलिसेकंद. प्रत्यक्ष वाचन यानंतर क्षणार्धात होतं. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे ही डिस्क जाऊ शकत नाही, तिनं कितीही धावपळ केली तरी.

आता हिशेब करू. १०० मेगाबाइटची एक सलग फाइल, समजा व्हिडिओ, ही डिस्क एका सेकंदात वाचते. तीच १०० मेगाबाइट माहिती चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांत सगळीकडे विखुरलेली असेल, तर तुकडे झाले २५,६०० आणि प्रत्येकाला १३ मिलिसेकंद. गुणाकार करा : साडेपाच मिनिटांहून जास्त! माहिती तेवढीच, डिस्क तीच. विंडोज सुरू होताना नेमकं हेच घडत असतं. शेकडो लहान फाइली, रजिस्ट्रीचे (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीचे) तुकडे, अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटची चौकशी, प्रत्येकाला डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यातलं काहीतरी हवं असतं. विंडोज मागण्यांचा क्रम लावते, काही गोष्टी आधीच उचलून ठेवते, म्हणून प्रत्यक्षात इतकी वाईट अवस्था होत नाही, पण दिशा तीच. हाच कॉम्प्युटर नवा असताना झटकन सुरू व्हायचा, कारण तेव्हा मागणाऱ्यांची रांग लहान होती. वर्षं जातात तशी रांग वाढते आणि फाइली विखुरतात.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ साली आणली. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, एकूण साठवण पन्नास लाख अक्षरं आणि एक नोंद शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद. आज वीस टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते, म्हणजे साठवण चाळीस लाख पटींनी वाढली. शोधण्याचा वेळ मात्र ६०० वरून १३ वर आला, जेमतेम पंचेचाळीस पट. धातूचा दांडा हलवायचा आणि तबकडी फिरायची वाट बघायची, या गोष्टींना जडत्व आहे. ते सॉफ्टवेअरनं हटत नाही.

हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. माहिती फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते आणि कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. मोठ्या फाइलीसाठी एसएसडी पाचपट वेगवान, पण विखुरलेल्या तुकड्यांसाठी शंभर पटींहून अधिक. खोळंबा नेमका या दुसऱ्या जागी असल्यामुळे फरक इतका जाणवतो. जुन्या मदरबोर्डवर साटाची (डिस्क जोडायच्या वाटेची) दुसरी पिढी असेल, तर एसएसडीचा सलग वेग निम्मा होतो. दुकानदार त्यावरून "तुमच्या मशीनला उपयोग नाही" म्हणेल, तर ऐकू नका. विखुरलेल्या वाचनाला तो निम्मा वेगही पुरून उरतो.

रॅमचा, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीचा, वेग आणखी वेगळ्या जगातला. रॅममधली माहिती काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून सगळे एक कोटी पटींनी ताणून बघू. मिसळणाच्या डब्यातून जिरं काढायला एक सेकंद लागला, तर ते रॅम. मग एसएसडी म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन येणं, सतरा मिनिटं. आणि हार्ड डिस्क? सुमारे सदतीस तास. संध्याकाळच्या गाडीनं इंदूरहून मुंबईला जायचं, दिवसभर थांबायचं, रात्रीच्या गाडीनं परत यायचं. चिमूटभर जिऱ्यासाठी!

आता रॅम कमी पडली की काय होतं बघा. ४ जीबी रॅममध्ये विंडोज स्वतः निम्मी जागा घेते. ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की रॅम भरते. मग विंडोज सध्या न लागणारी पानं (रॅममधल्या माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे) उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवते आणि लागली की परत आणते. एका मर्यादेपलीकडे एक पान आणायला दुसरं बाहेर टाकावं लागतं आणि पुढच्या क्षणी तेच टाकलेलं पान हवं असतं. काम शून्य, ये-जा अखंड. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची मीमांसा केली आणि उपायही सांगितला : प्रत्येक प्रोग्रामला त्या-त्या वेळी लागणारी पानं एकत्र मावतील इतकी जागा द्या, नाहीतर त्याला चालवूच नका. घरगुती भाषेत, रॅम ८ जीबी करा किंवा टॅब बंद करा.

रॅम घेताना घोटाळे होतात ते असे. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि काही लॅपटॉपना कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टचीच डीडीआर३ लागते. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. आणि विंडोज ३२-बिट असेल, तर ८ जीबी घालूनही ती चारच्या आत अडकते. आधी 'सिस्टिम'च्या माहितीत ६४-बिट लिहिलंय का ते बघा.

एसएसडी बदलायला निघण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघणं अत्यंत जरूरीचं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याखेरीज आकडा असेल, तर डिस्कचे काही भाग नीट वाचले जात नाहीत आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय. हेही मंदपणाचं एक कारण, आणि धोक्याची घंटाही. अशा वेळी बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा.

घरगुती वापराला २४० किंवा ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी पुरते. ती सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल, जेल रोडला मिळेल. बिल आणि वॉरंटी घ्या. अविश्वसनीय स्वस्त "२ टेराबाइट" पेटीच्या नादी लागू नका, त्यात बऱ्याचदा लहान चिप आणि खोटा आकडा असतो. एसएसडी लिहून लिहून झिजते हे खरं, पण हिशेब करा. २४० जीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ८० टेराबाइट लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला सात टेराबाइट, म्हणजे अकरा वर्षं.

बसवताना वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. साटाच्या दोन्ही केबलींचं तोंड इंग्रजी एल आकाराचं असतं, उलटं बसत नाही. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 'एएचसीआय' ही डिस्कशी बोलण्याची पद्धत निवडा, तेही टाकण्याआधी. चालू विंडोजवर ते बदललं तर निळा पडदा येतो, कारण तिच्याकडे त्या पद्धतीचा ड्रायव्हर जागा नसतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायची तर 'क्लोनझिला' मोफत आहे, पण ५०० जीबीच्या डिस्कची नक्कल २४० जीबीत थेट जात नाही, आधी पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) आक्रसून घ्यावं लागतं. नक्कल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोघींची ओळखखूण एकच असल्यानं विंडोज गोंधळते. माझं मत विचाराल तर नव्यानं टाकणंच स्वच्छ. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलली तरी जात नाही. आणि नंतर एसएसडीवर जुन्या सवयीनं डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावणं, करत बसू नका. इथं हलवायला दांडाच नाही, नुसती झीज होते.

इंदूरचा मे महिना हा वेगळा विषय आहे. ६५ वॉटच्या प्रोसेसरचा स्वच्छ कूलर दर वॉटमागे अर्धा अंश तापमान चढू देतो असं धरू. खोलीत ४०, कॅबिनेटमध्ये ४६, त्यात ३२ मिळवले की ७८. चालेल. धूळ साचली आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळली की तोच अर्धा अंश ०.८ होतो : ४६ अधिक ५२, बरोबर ९८. शंभराच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवायला ठोके कमी करतो. "सकाळी बरा चालतो, दुपारी रखडतो" याचा अर्थ बहुधा हाच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. ते सुसाट फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जुनी आधी पुसून. दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करा, पण हळदकुंकू जाळीवर नको, पंखा ते आत ओढतो.

श्रद्धेचा दुसरा प्रकार मात्र सोडायलाच हवा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा 'रिफ्रेश' केल्यानं काहीही वेगवान होत नाही, फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात. 'रॅम बूस्टर' उपयोगी पानं हाकलून डिस्कवर पाठवतात, म्हणजे नेमकं उलटं काम करतात. रजिस्ट्री क्लीनर हजार "चुका" सापडल्याचं लाल अक्षरांत दाखवून पैसे मागतात. काही लाख नोंदींतल्या हजार निघाल्यानं वेग वाढत नाही, चुकीची एक निघाली तर मात्र विंडोज बसते. फुकटात करण्यासारख्या गोष्टी दोन : टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात जाऊन न लागणारे प्रोग्राम बंद करणं. आणि आठवड्यातून एकदा 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट'. विंडोज ८पासून साधं शट डाउन आतली बरीच अवस्था डिस्कवर जपून ठेवतं, खरी नवी सुरुवात रीस्टार्टनंच होते.

राहिला विंडोज १०चा प्रश्न. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१६चा डबा नियमात बसत नाही. अपडेट बंद असलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची 'एक्सएफसीई' आवृत्ती टाकता येते. ४ जीबी रॅम आणि एसएसडीवर ती हलकी चालते, इन्स्क्रिप्ट कळफलकानं मराठी टंकलेखन होतं, ब्राउझर आणि ऑफिसचं काम भागतं. टॅली किंवा एखादा जुना प्रिंटर अडत असेल, तर टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता.

डीडीआर२ रॅमचं मशीन असेल किंवा मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची (उभ्या नळकांड्यांसारख्या भागांची) डोकी फुगली असतील, तर पैसे घालू नका. डिस्क आधी काढून घ्या, ती यूएसबीच्या डबीत घालून फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरा, आणि उरलेला डबा कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या खान्यात द्या, ओल्या-सुक्यात नको.