मोक्रा गोरा: पाणी पश्चिमेला, कारभार पूर्वेला

पश्चिम सर्बियात तारा आणि झ्लातिबोर या दोन डोंगररांगांच्या मध्ये शार्गान नावाची खिंड आहे. खिंडीच्या पूर्वेला पडलेला पाऊस जेतिन्या नदीतून उझित्से शहराकडे जातो. पश्चिमेला पडलेला बेली र्झाव नदीतून बोस्नियात उतरतो आणि विशेग्राद गावापाशी द्रिना नदीला मिळतो. पुढे एक पाणी मोरावामार्गे, दुसरं सावामार्गे डॅन्यूबलाच जातं, पण फार लांबचा फेरा मारून. मोक्रा गोरा हे गाव या खिंडीच्या पश्चिम उतारावर आहे. म्हणजे गावाचं पाणी बोस्नियाकडे वाहतं आणि कचेरीचं काम निघालं की माणसाला खिंड चढून उझित्सेला जावं लागतं. हा तिढा लक्षात ठेवला की गावाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडायला लागतो.

'मोक्रा' म्हणजे ओली, 'गोरा' म्हणजे डोंगर. हा 'गोरा' आणि आपला 'गिरी' एकाच जुन्या मुळातून आलेले शब्द आहेत. ओलं म्हणण्याइतका पाऊस आणि बर्फ इथे पडतोच. मात्र गाव म्हटल्यावर मध्ये पार, देऊळ आणि भोवती दाटीनं घरं असं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. इथे वाड्या आहेत, एकीकडून दुसरीकडे जायला चढ-उतार करावा लागेल अशा विखुरलेल्या. त्यातली कोत्रोमान ही वाडी तर थेट सरहद्दीला टेकलेली.

या भागातलं जुनं घर म्हणजे ब्र्वनारा: आडव्या ओंडक्यांच्या भिंती आणि बर्फ घसरून खाली पडावं म्हणून उंच, तीव्र उताराचं लाकडी छप्पर. मधल्या खोलीत उघडी चूल. कुटुंब एकत्र असायचं, त्याला 'झाद्रुगा' म्हणत. जमीन, जनावरं, धान्य सगळं सामाईक आणि शब्द घरातल्या कर्त्या पुरुषाचा. मुलाचं लग्न झालं की अंगणात त्याच्यासाठी 'वायात' नावाची छोटी लाकडी खोली उभी राहायची. तिच्यात चूल नसे. झोपायला तिकडे, जेवायला मोठ्या घरात. सुनेनं वेगळी चूल मांडू नये याची ही व्यवस्था मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको.

तसंच 'स्लावा'चं. प्रत्येक सर्बियन ऑर्थोडॉक्स कुटुंबाचा एक रक्षणकर्ता संत असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस घरी साजरा होतो. मेणबत्ती, नक्षीचा पाव, शिजवलेले गहू, आणि दार उघडं. कुलदैवताशी याचं नातं जोडायचा मोह होतो; देवाची कल्पना वेगळी आहे, पण घराण्याची ओळख त्यावरून ठरणं सारखंच. २०१४ मध्ये युनेस्कोनं स्लावाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. खाण्यात मक्याची भाकर, सायीचा घट्ट थर साठवून केलेला कायमाक, धुरावर वाळवलेलं मांस आणि आलुबुखारची दारू, श्लिवोवित्सा.

आता तिढ्याकडे. १८७८ मध्ये युरोपातल्या बड्या सत्तांच्या बर्लिन परिषदेनं सर्बियाला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली आणि त्याच वेळी बोस्नियाचा ताबा ऑस्ट्रिया-हंगेरीकडे दिला. पश्चिमेकडे बलाढ्य साम्राज्य आलं. त्या साम्राज्यानं १९०६ मध्ये बोस्नियाच्या राजधानीहून, सारायेवोहून, डोंगर फोडत अरुंद रुळांची रेल्वे सर्बियाच्या सीमेवरच्या वार्दिश्तेपर्यंत आणली. उद्देश व्यापारापेक्षा लष्करी जास्त होता. दोन वर्षांनी त्यांनी बोस्निया उघडपणे गिळंकृतच केला. रूळ वार्दिश्तेला संपत होते. त्यांच्या आणि उझित्सेच्या मध्ये होती मोक्रा गोरा आणि शार्गानचा चढ.

तो चढ रेल्वेनं जिंकायचा पहिला प्रयत्न सर्बियानं केलेला नाही, हे सहसा विसरलं जातं. पहिल्या महायुद्धात सर्बिया व्यापल्यावर ऑस्ट्रियानं १९१६ मध्ये कामाला हात घातला आणि रशियन, इटालियन युद्धकैद्यांना जुंपलं. बोगदा खोदताना तो कोसळला, कैदी गाडले गेले, काम सोडून द्यावं लागलं. युद्धानंतर नकाशावरून ती सरहद्दच नाहीशी झाली. दोन्ही बाजू नव्या राज्यात आल्या, ज्याला पुढे युगोस्लाव्हिया म्हटलं गेलं. १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १९२५ मध्ये पहिली गाडी धावली.

अभियंत्यांपुढचा पेच साधा गणिताचा होता. मोक्रा गोरा आणि खिंडीपलीकडच्या स्थानकात सरळ अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, उंचीतला फरक मात्र अडीचशे मीटरच्या जवळपास. आणि गाडीला झेपणारा चढ दर हजार मीटरला १८ मीटर. म्हणजे रूळ साधारण चौपट लांबवल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून त्यांनी मार्ग डोंगरावर गुंडाळला. तो स्वतःलाच वरून ओलांडतो आणि आकार होतो आठचा: इंग्रजी आठचा, आपल्या ८ चा नव्हे. त्यावरूनच नाव पडलं, 'शार्गानची ओस्मित्सा'. साडेतेरा किलोमीटरमध्ये २२ बोगदे, त्यातला सर्वांत मोठा दीड किलोमीटरहून लांब. रुळांमधलं अंतर अवघं ७६० मिलिमीटर. प्रवाशाला खिडकीतून खाली तोच रूळ दिसतो ज्यावरून तो थोड्या वेळापूर्वी आला.

लोकांनी या धुराच्या गाडीला लाडानं 'चिरा' म्हटलं. पुढे अरुंद रुळांचे तुकडे जुळत बेलग्रेडपासून सारायेवोपर्यंत आणि तिथून समुद्रकाठच्या दुब्रोव्निककडे जाता येऊ लागलं. ज्या गावाला खिंड चढून पलीकडे जाणं दिवसभराचं काम होतं, तिथून राजधानी आणि समुद्र एकाच रुळावर आले. स्थानकावर काम, प्रवाशांना विकायला फळं, वाटेत पाणी भरणारी इंजिनं. गावाचं दैनंदिन वेळापत्रक गाडीच्या शिट्टीवर चालू लागलं.

पण जी गाडी माणसं आणते तीच नेतेही. दुसऱ्या महायुद्धानंतर उझित्से आणि शेजारच्या सेवोयनोत कारखाने वाढले, तरुण तिकडे सरकले. रस्ते सुधारले, ट्रक आले, आणि जेमतेम पळणारी गाडी सरकारला परवडेनाशी झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले गेले. दोन वर्षांनी बेलग्रेड ते बार हा रुंद रुळांचा नवा मार्ग सुरू झाला, तो उझित्सेहून दक्षिणेला वळतो. मोक्रा गोरा नकाशावर तिथेच राहिली, फक्त तिच्याकडे जायला कुणाला कारण उरलं नाही.

शेजारच्या क्रेम्ना गावचा मितार ताराबिच (१८२९-१८९९) हा निरक्षर शेतकरी भविष्यवेत्ता म्हणून सर्बियात प्रसिद्ध आहे. इथे रेल्वे येईल, बंद पडेल आणि मग लोक ती पुन्हा बांधतील, असं तो म्हणाला होता असं लोक सांगतात. अशी भाकितं घटना घडून गेल्यावरच फार स्पष्ट होतात, हे मी वाचकाच्या कानात सांगून ठेवतो. पण पुनर्बांधणी खरंच झाली. १९९९ च्या सुमारास काम सुरू झालं आणि २००३ पासून पर्यटकांसाठी गाडी धावू लागली.

याच सुमारास सारायेवोत जन्मलेले दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा चित्रीकरणासाठी इथे आले. मेचावनिक टेकडीवर (मेचावा म्हणजे हिमवादळ) त्यांनी एक लाकडी गावच उभं केलं: द्र्वेनग्राद. ठिकठिकाणची जुनी ओंडक्यांची घरं सोडवून आणून इथे पुन्हा जुळवलेली. २००५ मध्ये या कामाला युरोपातला फिलिप रोत्ये वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये तिथे 'क्युस्टेनडोर्फ' हा चित्रपट आणि संगीत महोत्सव सुरू झाला. घरं अस्सल आहेत आणि गाव बनवलेलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्यात जन्मलेलं कुणी नाही. खालच्या वाड्यांत मात्र खोल्या भाड्यानं देणारी, कायमाक विकणारी कुटुंबं यामुळेच तग धरून आहेत, तेव्हा नाकं मुरडणं बाहेरच्यांनाच परवडतं. या टेकड्यांत निकेलयुक्त लोहखनिजही आहे. खाणीच्या कल्पनेला विरोध झाला आणि २००५ मध्ये शार्गान-मोक्रा गोरा परिसर संरक्षित निसर्गोद्यान जाहीर झाला.

पर्यटकांची गाडी आठच्या आकड्यावर चढते आणि निघाली तिथेच परत येते. २०१० मध्ये पश्चिमेकडचे रूळही विशेग्रादपर्यंत जोडले गेले. युगोस्लाव्हिया फुटल्यावर कोत्रोमानपाशी सरहद्द पुन्हा उगवलेली आहे, त्यामुळे आजोबा ज्या वाटेनं नुसतं तिकीट काढून सारायेवोला जात होते, त्याच वाटेवर नातवाला आता सरहद्दीवर थांबून ओळखीचे कागद दाखवावे लागतात.