इन्फर्मेशन थिअरी आणि कोडिंग थिअरी: एका छपराखालची दोन बिऱ्हाडं

इन्फर्मेशन थिअरी आणि कोडिंग थिअरी, दोन्हीकडची माणसं ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन इन्फर्मेशन थिअरी’ या एकाच नियतकालिकात लिहितात, ‘आयसिट’ या इन्फर्मेशन थिअरीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शेजारीशेजारी बसतात, आणि दोघांच्याही फळ्यावर 0 आणि 1 च्या रांगा दिसतात. तेव्हा बाहेरच्या माणसाला ही एकाच विषयाची दोन नावं वाटली तर नवल नाही. (कोडिंग म्हणजे इथे प्रोग्रॅम लिहिणं नव्हे, आणि संदेश गुप्त ठेवणंही नव्हे. वाटेत बिघडलेला संदेश पलीकडे दुरुस्त करता यावा, अशी त्याची आधीच केलेली मांडणी म्हणजे कोड.)

एक हिशेब मांडून पाहू. एका वाहिनीतून पाठवलेल्या दर 100 बिटांपैकी सरासरी 11 उलटे होऊन पोहोचतात, 0 चा 1 किंवा 1 चा 0. साधा उपाय म्हणजे प्रत्येक बिट तीनदा पाठवायचा आणि पलीकडे बहुमत घ्यायचं. चुका 11 टक्क्यांवरून साधारण 3.4 टक्क्यांवर येतात, पण वेग एक तृतीयांश होतो. पाचदा पाठवा, सातदा पाठवा. चुका घटतील आणि वेग आणखी घसरेल. म्हणजे चूक शून्याकडे न्यायची तर वेगही शून्याकडे जाणार, असं कुणालाही वाटेल. 1948 मध्ये बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी तसं नसतं हे सिद्ध केलं. वरच्या वाहिनीची क्षमता, म्हणजे माहिती पाठवण्याच्या वेगाची मर्यादा, जवळपास अर्धी निघते. दर दोन बिटांमागे जेमतेम एक बिट खरी माहिती पाठवत राहिलात, तर चूक हवी तितकी कमी करता येते. त्या मर्यादेच्या वर गेलात, तर कितीही डोकं लढवलं तरी ते साधत नाही.

माझ्या मते इन्फर्मेशन थिअरीचा जीव या शेवटच्या वाक्यात आहे. ‘अमुक जमतं’ एवढ्यावर तिथे कुणाचं समाधान होत नाही. त्यापलीकडे कुणालाच कधी जमणार नाही, हेही सिद्ध करावं लागतं.

पण तो चांगला कोड कोणता, हे शॅनन यांनी सांगितलं नाही. त्यांनी कोड यदृच्छेने निवडले आणि त्यांची सरासरी काढली. सरासरीच चांगली निघाली, म्हणजे निदान एक कोड तरी चांगला असणारच! पुरावा बिनतोड, पण हातात काही नाही. शिवाय यदृच्छेने निवडलेला कोड वापरायचा कसा? 1000 बिट लांबीचा, अर्ध्या वेगाचा कोड घेतला तर शक्य संदेश होतात 2 चा 500 वा घात, म्हणजे 151 अंकी संख्या. आलेली रांग एवढ्या सगळ्यांशी ताडून पाहणं कुठल्याच यंत्राला शक्य नाही. कोडिंग थिअरीवाल्यांचं काम इथून सुरू होतं.

त्यांचे पूर्वज रिचर्ड हॅमिंग हेही बेल लॅब्जचेच. माहितीच्या 4 बिटांना तपासणीचे 3 बिट जोडणारा त्यांचा कोड शॅनन यांच्या 1948 च्या लेखातच उदाहरण म्हणून आला आहे. हॅमिंग यांचा स्वतःचा लेख 1950 चा. सोबत जन्मापासूनची, पण स्वभाव वेगळा. सातांपैकी कुठलाही एक बिट उलटला तर तो नक्की सापडणार, ही हॅमिंग यांची हमी. तिथे संभाव्यता येतच नाही. कोडमधल्या कुठल्याही दोन रांगा निदान तीन ठिकाणी वेगळ्या आहेत, एवढ्यावर ती हमी उभी आहे. शॅनन यांना सरासरी पुरते, हॅमिंग यांना वाईटातल्या वाईट प्रसंगाची खात्री हवी. म्हणून एका बिऱ्हाडात संभाव्यतेचं गणित चालतं, तर दुसऱ्यात बरीच वर्षं बीजगणिताचं राज्य होतं. 1960 चा रीड-सॉलोमन कोड त्याच घरातला. ओरखडे पडलेली सीडी वाजायची ती त्याच्या जोरावर.

1971 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कार्यशाळेत ‘कोडिंग संपलं’ असं जाहीर झाल्याची गोष्ट या वर्तुळात अजून सांगतात. मग 1993 मध्ये बेरू, ग्लाव्यू आणि थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड मांडले. ते शॅनन-मर्यादेच्या इतके जवळ पोहोचत होते की जाणकारांचा आधी विश्वासच बसेना. त्यानंतर लोकांना रॉबर्ट गॅलेजर यांचा एमआयटीतला 1960 चा प्रबंध आठवला. त्यातले एलडीपीसी (लो-डेन्सिटी पॅरिटी-चेक, म्हणजे दर तपासणीत मोजकेच बिट घेणारे) कोडही तितकेच दमदार होते, पण त्या काळच्या यंत्रांना ते पेलणारे नव्हते.

कुणाचं व्याख्यान कोणत्या बाजूचं, हे मी शेवटच्या प्रश्नांवरून ओळखतो. ‘याहून चांगलं अशक्य आहे, हे दाखवलंत का?’ असं कुणी विचारलं तर ती इन्फर्मेशन थिअरी. ‘डिकोडिंगला, म्हणजे आलेल्या रांगेतून मूळ संदेश काढायला, किती वेळ लागतो?’ असं विचारलं तर कोडिंग. अंकाऱ्यातल्या बिल्केंट विद्यापीठाचे एर्दाल आरिकान यांच्या पोलर कोडपाशी मात्र ही खूण चालत नाही. 2009 च्या त्यांच्या लेखात क्षमतेपर्यंत पोहोचल्याचा पुरावा आहे, कोड कसा बांधायचा याची कृती आहे आणि डिकोडिंगही झटपट होतं. आरिकान हे गॅलेजर यांचेच विद्यार्थी. आज 5जी मध्ये नियंत्रणाचे संदेश शिष्याच्या कोडने जातात आणि डेटा गुरूच्या.